आर्मी अँड नेव्हीची नक्षीदार दुनळी: संग्राहकासाठी एक परीक्षण

परीक्षणासाठी समोर आलेली वस्तू म्हणजे बाहेरच्या घोड्यांची (पडून बार उडवणारे घोडे बाहेरून दिसणारी), बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचे माप; आकडा मोठा तितकी नळी अरुंद), 30 इंची नळ्यांची एक विलायती दुनळी बंदूक आहे. दोन नळ्यांमधल्या पट्टीवर लंडनच्या आर्मी अँड नेव्ही को-ऑपरेटिव्ह सोसायटीचे नाव आणि 105, व्हिक्टोरिया स्ट्रीट हा पत्ता कोरलेला आहे. कोल्हापूरकडच्या एका जुन्या घराण्यात ती पिढ्यानपिढ्या परवान्यावर होती. आता वारसांपैकी कोणालाच परवाना पुढे चालवायचा नसल्याने ती एका परवानाधारक विक्रेत्याकडे विक्रीसाठी ठेवलेली आहे. विक्रेत्याने तिचे वर्णन "संपूर्ण मूळ स्थितीतील, भरगच्च नक्षीची, डमास्कस नळ्यांची अस्सल विलायती बंदूक" असे केले आहे आणि किंमतही त्या वर्णनाला साजेशीच सांगितली आहे. माझे एक स्नेही जुन्या शस्त्रांचे संग्राहक असून त्यांच्या परवान्यावर एका बंदुकीची जागा मोकळी आहे. त्यांच्या सांगण्यावरून मी ही बंदूक विक्रेत्याच्या समक्ष सुटी करून तपासली. माझे मत आरंभीच सांगतो: बंदूक विलायती आहे आणि नळ्या खऱ्या डमास्कसच्या, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पिळलेल्या कांबा जोडून घडवलेल्या, आहेत, याविषयी शंका नाही, नक्षीविषयीचा दावा अर्धा खरा आहे, आणि "संपूर्ण मूळ स्थिती" हे शब्द पावतीवर येता कामा नयेत.

पट्टीवरचे नाव पाहून ही बंदूक लंडनला घडली असे समजणारे बरेच असतात. ही सोसायटी 1871 साली ब्रिटिश लष्करी आणि आरमारी अधिकाऱ्यांनी स्वतःला रास्त भावात सामान मिळावे म्हणून काढली होती. तिच्या भल्यामोठ्या सूचिपत्रात तंबूपासून चहाच्या भांड्यांपर्यंत सर्व काही असे आणि बंदुकाही असत. त्या बंदुका ती स्वतः घडवत नसे. बर्मिंगहॅमच्या कारखानदारांकडून घेऊन त्यांवर आपले नाव घालून विकत असे. मुंबईत तिचे दालन काळा घोडा परिसरात होते आणि ती इमारत आजही आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग म्हणूनच ओळखली जाते. त्यामुळे दख्खनमधल्या जुन्या घरांतून या नावाच्या बंदुका निघतात यात नवल नाही. पर्डी किंवा हॉलंड अँड हॉलंड या लंडनच्या नामांकित बंदूककारांच्या नावाला जी किंमत येते ती या नावाला येत नाही, हे खरे. परंतु अधिकाऱ्यांच्या हाती जाणारा माल असल्याने सोसायटीने सहसा हलके काम विकले नाही, आणि प्रस्तुत बंदूकही त्याला अपवाद नाही.

संग्राहक बंदूक हातात घेतो तेव्हा त्याची नजर आधी नक्षीवर जाते आणि तिथेच खिळून राहते. विक्रेत्यालाही तेच हवे असते. म्हणून मी नक्षी मुद्दाम शेवटी ठेवतो. चेंबर, म्हणजे काडतूस बसण्याची जागा, रिकामी असल्याची खात्री करून बंदूक बिजागरीवर उघडली, फोअरएंड (नळ्यांखालचा लाकडी भाग) काढून नळ्या वेगळ्या केल्या आणि त्या उलट्या करून त्यांच्या पोटाकडच्या सपाट भागावरचे ठसे आधी पाहिले. तिथे मुकुट आणि एकमेकांवर आडवे ठेवलेले दोन राजदंड यांचे ठसे आहेत. एकात बी, पी, सी ही अक्षरे आणि दुसऱ्यात व्ही हे अक्षर. हे बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे, म्हणजे नळ्यांची ताकद तपासणाऱ्या संस्थेचे, ठसे असून ते 1813 पासून 1904 पर्यंत वापरात होते. त्याशेजारी पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराच्या खुणेत 12 हा आकडा आणि सी हे अक्षर, तसेच डाव्या नळीवर "चोक" (तोंडाशी अरुंद केलेली नळी) हा शब्द ठोकलेला आहे. ही दोन्ही चिन्हे 1887 च्या नियमांनंतरची आहेत, कारण त्याआधी चोक नळीवर "गोळीसाठी नव्हे" अशा अर्थाचे शब्द ठोकले जात. म्हणजे बंदूक 1887 ते 1904 या काळातली ठरते. ती 1870 च्या सुमाराची असल्याचे घराण्यात सांगितले जाते. ते ठशांपुढे टिकत नाही. धूररहित दारूसाठी तपासणी झाल्याची एकही खूण नाही, याचाच अर्थ ही बंदूक काळ्या दारूच्या दाबासाठी तपासून बाजारात आली.

दोन्ही नळ्यांवर 13 हा आकडा आहे आणि या आकड्याकडे बहुतेक खरेदीदार दुर्लक्ष करतात. बारा बोअरच्या बंदुकीवर 13 कसा, असा प्रश्न विचारून काही जण तर ठसा खोटा ठरवतात. वस्तुतः चेंबर बारा बोअरची आणि पुढची नळी किंचित अरुंद, ही त्या काळची सामान्य पद्धत होती. 13 चा अर्थ असा की तपासणीच्या वेळी नळीत .710 इंच व्यासाचे माप आत जात होते आणि त्यापुढचे .719 चे माप जात नव्हते. आज डावी नळी .716 भरते, म्हणजे ती जवळपास जशीच्या तशी आहे. उजवी मात्र .724 भरते. सुरुवातीला ती जास्तीत जास्त .718 असणार; म्हणजे निदान सहा हजारांश आणि कदाचित चौदा हजारांश इंच धातू आतून घासून काढला गेला आहे. ब्रिटिश प्रूफच्या जुन्या नियमानुसार ठोकलेल्या मापापेक्षा दहा हजारांशाहून अधिक वाढलेली नळी प्रूफबाहेर, म्हणजे मूळ तपासणी लागू न राहिलेली, मानली जाते. त्या हिशेबाने उजवी नळी प्रूफबाहेर आहे. आतून आरशासारखी लखलखीत दिसते ती त्यामुळेच, आणि विक्रेता नेमकी तीच लखलख दाखवून नळी उत्तम असल्याचे सांगत होता.

उजवीच नळी का, याचे उत्तर सरळ आहे. पुढच्या चापाने उजवी नळी उडते, आणि शिकारीत पहिला बार तिचाच असतो. काळ्या दारूची राख आणि जुन्या टोप्यांमधले क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात. पावसाळ्यात बंदूक न पुसता ठेवली तर आतून खड्डे पडतात. ते खड्डे घालवण्यासाठी कोणीतरी नळी घोटली. नळीच्या भिंतीची जाडी मोजली तेव्हा त्याची किंमत कळली: डाव्या नळीची सर्वांत पातळ जागा 24 हजारांश इंच, तर उजवीची 17. ब्रिटिश व्यवसायात 20 हजारांश, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर, ही सर्वसाधारण किमान मर्यादा समजली जाते. शिवाय चेंबर अडीच इंची, म्हणजे 65 मिलिमीटरच्या काडतुसासाठी आहे. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तयार होणारे "शक्तिमान" काडतूस आपल्याकडे सर्वत्र मिळते. पण कोणतेही आधुनिक धूररहित दारूचे काडतूस, त्यातही 70 मिलिमीटरचे, या बंदुकीत घालणे म्हणजे बोटे आणि डोळे पणाला लावणे आहे. घरातल्या मंडळींनी "अजून उत्तम चालते, दोन वर्षांपूर्वीच बार काढला होता" असे कौतुकाने सांगितले. ऐकताना माझ्या अंगावर काटा आला.

डमास्कस नळ्या खऱ्या आहेत, हे फोअरएंडखालच्या भागावरून स्पष्ट होते. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या एकावर एक रचून, तापवून एकजीव करायच्या, त्या गठ्ठ्याची चौकोनी कांब ओढायची, कांबेला पीळ द्यायचा, अशा दोन किंवा तीन पिळाच्या कांबा शेजारी ठेवून पट्टी बनवायची आणि ती पट्टी दांड्याभोवती वेटोळी गुंडाळून ठोकून जोडायची, अशी ही पद्धत होती. या नळीत तीन कांबांचे काम आहे. बारीक वळशांच्या तीन रांगा नळीला वेढत जाताना भिंगाशिवायही दिसतात, आणि प्रत्येक वेढ्याची सांध्याची रेघ शोधली तर सापडते. तलवारींकडून बंदुकांकडे आलेले संग्राहक या नक्षीला तलवारीच्या पात्यावरचा जौहर समजतात. तो मात्र मुशीत वितळवलेल्या पोलादाचा गुण आहे आणि त्याचा या जोडकामाशी संबंध नाही. बेल्जियममधल्या लिएजहून आलेल्या स्वस्त बंदुकांच्या साध्या पोलादी नळ्यांवर अशीच नक्षी नुसती उमटवलेलीही सापडते. ती ओळखण्यासाठी पट्टीलगतचा कोपरा आणि फोअरएंडखालचा भाग पाहावा: खरी नक्षी धातूच्या आरपार असल्याने कोपऱ्यात तुटत नाही, उमटवलेली तिथे धूसर होऊन संपते.

नळ्या हुकावर टांगून लाकडाच्या दांडीने हलकेच टोला दिला की सांधे पक्के असलेल्या नळ्या घंटेसारख्या निनादतात. इथे नाद आला, पण तोंडाकडे किंचित बद्द. वरची पट्टी तोंडाजवळ चारेक इंच सैल झाली आहे. पट्ट्या कथलाच्या डाकाने बसवलेल्या असतात. आपल्याकडच्या कारागिरांना हे ठाऊक नसते आणि ते नळ्या काळ्या करण्यासाठी उकळत्या क्षारात बुडवतात, त्यात डाक सुटतो आणि डमास्कसची नक्षीही खाल्ली जाते. या नळ्या सुदैवाने त्या कढईत गेलेल्या नाहीत. गंज चढवून उकळण्याच्या जुन्या पद्धतीचा तपकिरी रंग अजून शिल्लक आहे. पट्टी पुन्हा बसवून घेता येईल, परंतु ते काम जाणत्या हाताकडेच द्यावे लागेल आणि असे हात देशात फार थोडे आहेत.

यंत्रणा हा या बंदुकीचा सर्वांत निर्मळ भाग आहे. वरच्या तरफेने उघडणारी, खालून दोन ठिकाणी पकडणाऱ्या बोल्टची ही रचना आहे. बोल्ट पर्डीच्या 1863 च्या पेटंटचा आणि तरफेचा दांडा स्कॉटच्या 1865 च्या पेटंटचा. ही जोडी पुढे जगभरच्या दुनळ्यांची ठरावीक रचना झाली. वुल्वरहॅम्प्टनच्या स्टँटनने 1867 साली काढलेल्या पद्धतीप्रमाणे घोडे पडल्यावर स्वतःहून थोडे मागे येऊन थांबतात, त्यामुळे बंदूक उघडण्यापूर्वी ते हाताने अर्धे चढवावे लागत नाहीत. फोअरएंड काढून नळ्या बसवल्या आणि आडव्या दिशेने हलवून पाहिल्या. जाणवण्याजोगा ढिलेपणा नाही, नळ्यांचा मागचा भाग अॅक्शनच्या (नळ्यांना मागून धरणाऱ्या लोखंडी भागाच्या) तोंडाला चिकटून बसतो आणि मधून उजेड दिसत नाही. नळ्या, अॅक्शन, फोअरएंडचे लोखंड आणि चापाच्या कड्याचा शेपटा, या सर्वांवर एकच क्रमांक आहे. फोअरएंड हरवून दुसऱ्याच बंदुकीचा ठोकून बसवलेला असणे हे आपल्याकडे इतके सर्रास आढळते की, हा क्रमांक जुळणे ही मोठी जमेची बाजू मानावी.

अॅन्सन आणि डीली यांची आतल्या घोड्यांची रचना 1875 साली आली होती. मग पंधरा-वीस वर्षांनंतरही बाहेरच्या घोड्यांच्या बंदुका का घडत राहिल्या, असा प्रश्न कोणी विचारील. एक कारण म्हणजे स्वभाव. जुन्या शिकाऱ्यांना घोडे डोळ्यांसमोर दिसल्याशिवाय बंदूक बंदूक वाटत नसे. दुसरे कारण हिंदुस्थानसाठी अधिक खरे होते: घोडा चढला आहे की नाही हे दुरूनही कळते, आणि मुख्य स्प्रिंग तुटली तर तालुक्याच्या गावातला कसबी लोहारही लॉक उघडून ती बदलू शकत असे.

आता नक्षी. या बंदुकीची खरी गोष्ट तिच्या दोन लॉकप्लेटमध्ये, म्हणजे घोड्यांची यंत्रणा ज्यांवर बसते त्या दोन बाजूंच्या लोखंडी पट्ट्यांमध्ये, आहे, कारण डावी प्लेट एक सांगते आणि उजवी दुसरेच. दोन्हींवर मध्ये एक शिकारी कुत्रा, समोर गवतात दबलेले तित्तिर आणि भोवती वेलबुट्टीची वलये अशी एकच योजना आहे. डावीकडचा पॉइंटर जातीचा कुत्रा पुढचा पाय उचलून उभा आहे. दहापट भिंगातून पाहिले तर त्याच्या खांद्यावरचे केस लहान लहान फटकाऱ्यांनी कोरलेले दिसतात आणि प्रत्येक फटकारा खालच्या स्नायूच्या वळणाने जातो. डोळ्यात एक पांढरा ठिपका सोडलेला आहे, तो सुईच्या टोकाएवढासुद्धा नसेल. वेलीची रेघ बारीक सुरू होते, वळणावर जाड होते आणि मध्याकडे पुन्हा बारीक होत मिटते. कोरण्याच्या सळईवरचा दाब मनगटाने कमी-जास्त करणारा हात त्यामागे आहे. प्लेटच्या कडेने दोन समांतर रेघांची चौकट आहे आणि तिची जाडी सर्वत्र सारखी आहे. मुख्य स्क्रूची खाच नळीच्या रेषेत थांबते आणि डोक्यावरचे पान शेजारच्या प्लेटवरच्या पानात न तुटता मिसळते. घोड्याच्या बुडाशी, जिथे कापड पोहोचत नाही, तिथे निळसर-तपकिरी मूळ रंगाचे ढग टिकून आहेत. हाडाच्या भुकटीत आणि कोळशात तापवून पाण्यात विझवल्यावर येणारा हा रंग कडकपणाच्या थराबरोबरच मिळतो आणि नक्षी त्याआधी, मऊ लोखंडावर, कोरलेली असते. म्हणून मूळ रंगाचा अवशेष आणि त्याखालची नक्षी दोन्ही एकाच वेळच्या समजाव्यात.

उजवी प्लेट लांबून अधिक ठसठशीत वाटते. विक्रेत्याने छायाचित्रांसाठी हीच बाजू निवडलेली होती. भिंग लावले की ठसठशीतपणाचा अर्थ बदलतो. इथल्या सेटर जातीच्या कुत्र्याच्या अंगावरचे केस सगळे एकाच लांबीचे, एकाच दिशेचे आणि एकाच खोलीचे आहेत. मागचा डावा पाय मांडीपर्यंत येऊन नाहीसा होतो. वेलीच्या काही रेघा जुन्या रेघेशेजारून, केसभर अंतराने गेल्या आहेत, त्यामुळे एका वळणाला दोन काठ दिसतात. चौकटीची रेघ पुढे जाड आणि मागे इतकी पातळ झाली आहे की शेवटचा सेंटिमीटर जवळजवळ पुसला गेला आहे. कोरलेल्या नावातल्या शेवटच्या अक्षराचा खालचा पायच उरलेला नाही. मुख्य स्क्रूची खाच तिरकी थांबते आणि पान तुटते. घोड्याच्या बुडाशी रंगाचा मागमूस नाही. विक्रेत्याच्या परवानगीने प्लेट उतरवून तिच्या आतल्या, झाकल्या जाणाऱ्या कडेवर सुई ओढली: डाव्या प्लेटवर सुई घसरते, उजवीवर रेघ उठते. उजवी प्लेट तापवून मऊ केली गेली आहे आणि तिच्यावर दुसऱ्या कुणीतरी पुन्हा कोरीवकाम केले आहे.

एकाच बंदुकीच्या दोन बाजूंत एवढे अंतर कसे पडले, याचा खुलासा घरच्यांच्या बोलण्यातून मिळाला. बंदूक कित्येक वर्षे दिवाणखान्याच्या भिंतीवर खुंट्यांना टांगलेली होती, डावी बाजू भिंतीकडे. दस्त्याच्या डाव्या अंगावर खुंटीने पडलेला घासटा आजही त्याची साक्ष देतो. दर खंडेनवमीला ती उतरवून शस्त्रपूजेला मांडायची, आणि त्याआधी चकचकीत करायची, हा घरचा रिवाज. चकचकीत व्हायची ती दिसणारी बाजू. ब्रासो लावून, फडक्याने, वर्षानुवर्षे. लोखंडावरची नक्षी अशा घासण्याने आधी काठ हरवते आणि मग खोली. पूजेचे हळद-कुंकू दोन्ही बाजूंना लागे आणि रेघांच्या तळाशी जाऊन बसे. भिंगाखाली डाव्या प्लेटच्या जवळपास प्रत्येक खोल रेघेच्या तळाशी काळपट लाल असा तो लेप दिसतो. उजवीकडे तो फक्त घोड्यामागच्या लहान वेलीत आणि वरच्या कडेच्या अरुंद पट्ट्यात आहे. कुत्र्याच्या अंगावरच्या, पक्ष्याच्या आणि मोठ्या वलयांच्या रेघा तळापर्यंत स्वच्छ. म्हणजे कुठले काम जुने राहिले आणि कुठले नंतर कोरले गेले, याचा नकाशाच कुंकवाने काढून ठेवला आहे. संग्राहकांना माझी विनंती आहे की अशा बंदुका विकत घेण्याआधी किंवा लगेच नंतर त्या रेघा टाचणीने साफ करायला बसू नये. परीक्षकाच्या दृष्टीने तो लेप पुरावा आहे. मात्र हळद-कुंकू ओलावा धरून ठेवते हेही तितकेच खरे असल्याने त्यावर तेलाचा पातळ हात फिरवावा.

दुरुस्ती वाईट हेतूने झाली असे मी म्हणत नाही. झिजलेली नक्षी पुन्हा ठळक करून दिली की मालक खूश होतो आणि कारागीराला वाटते की आपण बंदुकीचे भले केले. पण संग्राहक ज्या कामासाठी पैसे मोजतो ते बर्मिंगहॅमच्या त्या पहिल्या हाताचे काम असते. झिजलेली परंतु अस्पर्श प्लेट ही पुन्हा कोरलेल्या प्लेटपेक्षा मला केव्हाही अधिक मोलाची वाटते, कारण झिजेत किती शिल्लक आहे ते तरी मोजता येते.

दस्ता मूळ अक्रोडाचा आहे, शिसवाचा बदललेला नाही, हे वजनावरून आणि लाकडाच्या रेषांवरून दिसते. आपल्याकडे तुटलेल्या दस्त्याच्या जागी शिसवी दस्ता बसवून बंदूक जड आणि मागे झुकणारी करून ठेवण्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. उजव्या लॉकप्लेटच्या मागे बारीक चीर आहे, ती तेल मुरून मऊ झालेल्या लाकडात नेहमी पडते तशीच. उजव्या बाजूचे लाकूड लोखंडापेक्षा किंचित खाली गेले आहे, म्हणजे प्लेटबरोबर तेही घासले गेले. पकडीवरच्या चौकडीची टोके बोथट झाली आहेत. खालच्या अंगाला चांदीची लंबगोल टिकली आहे, तिच्यावर अक्षरे नाहीत. मूळ पेटी नाही.

याच किमतीच्या आसपास बाजारात आणखी दोन प्रकारच्या बंदुका येतात. त्यांचा उल्लेख येथे केवळ तुलनेसाठी करतो. कलकत्त्याच्या मँटन किंवा रॉडा या बंदूकविक्रेत्यांच्या नावाच्या दुनळ्या बहुतांशी बर्मिंगहॅमच्याच घडणीच्या असतात. 1914 साली क्रांतिकारकांनी रॉडा कंपनीची 50 माउझर पिस्तुले पळवली, त्यामुळे त्या नावाला एक वेगळे वलय आहे आणि विक्रेते त्याचे पैसे लावतात. दुनळीचा त्या प्रसंगाशी काडीचाही संबंध नसतो. दुसरा प्रकार म्हणजे इंग्रजी कारखानदारांच्या नावांशी मिळतीजुळती नावे घातलेल्या बेल्जियन बंदुका. त्यांच्यावर नक्षी भरपूर असते, पण उथळ. नळ्यांच्या पोटावर लंबगोलातले ई, एल, जी दिसले की बंदूक लिएजच्या प्रूफ हाउसमधून गेली आहे एवढे निश्चित होते, पट्टीवर काहीही लिहिलेले असो. या दोन्हींपेक्षा प्रस्तुत बंदूक, तिच्या सर्व दोषांसह, मला उजवी वाटते.

कायद्याची बाजू किमतीपासून वेगळी काढता येत नाही. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या 45 व्या कलमात पुरातन आणि कालबाह्य शस्त्रांना सूट आहे खरी, पण ती दुरुस्त करूनही वापरता येणार नाही अशा शस्त्रांसाठी आहे. बारा बोअरचे काडतूस घेणारी, घोडे पडणारी दुनळी कितीही जुनी असली तरी तिला परवाना लागतो. सव्वाशे वर्षांची आहे म्हणून भिंतीवर बिनपरवाना टांगता येईल, असे सांगणारा विक्रेता खरेदीदाराला गुन्ह्यात अडकवत असतो. नळ्या कापून किंवा भोके पाडून ती निकामी करता येईल, परंतु मग संग्राहकाच्या हाती लोखंडच उरेल. शिवाय 2019 च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात. त्यामुळे आपल्याकडे संग्राहकाने मोजायची किंमत केवळ रुपयांची नसते. त्या दोन जागांपैकी एक जागा तो या वस्तूला कायमची देत असतो. परदेशातल्या आप्तांकडे पाठवून संग्रह वाढवण्याचा मार्गही बंद आहे. अमेरिकेच्या संघीय कायद्यात 1898 पर्यंत घडलेली बंदूक पुरातन मानली जाते हे खरे असले, तरी शंभर वर्षांवरील पुरावस्तू खासगी व्यक्तीला भारताबाहेर नेता येत नाही. आणखी एक गोष्ट जमेस धरावी: निवडणुकीच्या काळात परवान्याची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करावी लागण्याचे प्रसंग येतात आणि तिथल्या दमट खोलीत काही आठवडे राहिलेल्या बंदुकीवर गंज चढलेला मी पाहिला आहे. जमा करताना नळ्यांना आतून-बाहेरून तेल लावून, मेणकापडात गुंडाळून द्यावी आणि पावतीवर बंदुकीची स्थिती लिहून घ्यावी.

माझ्या स्नेह्यांना दिलेला सल्ला असा. विक्रेत्याने मागितलेली किंमत दोन्ही लॉकप्लेट मूळ असलेल्या, नळ्या प्रूफमध्ये असलेल्या आणि पेटीसह मिळणाऱ्या बंदुकीची आहे. या नगाला त्या आकड्याच्या निम्म्यापर्यंत जावे. एवढे पैसे डावी प्लेट, जुळणारे क्रमांक, निर्दोष यंत्रणा आणि खऱ्या तीन कांबांच्या नळ्या यांसाठी योग्यच आहेत. पट्टी बसवून घ्यावी, दस्त्याची चीर भरावी. उजव्या प्लेटला कोणत्याही कारागीराचा हात पुन्हा लागू देऊ नये आणि तिच्यावर कृत्रिम रंगही चढवू नये. बार काढायचा मोह टाळावा, आणि तो टळत नसेल तर बंदूक घेऊच नये. सोसायटीच्या बंदूकविक्रीच्या जुन्या नोंदवह्या ग्लासगो विद्यापीठाच्या अभिलेखागारात आहेत. क्रमांक कळवून मूळ नोंदीची प्रत मागवावी, कारण विक्रीची तारीख मिळाली तर 1887 ते 1904 हा सतरा वर्षांचा पल्ला एका वर्षावर येईल आणि पुनर्विक्रीच्या वेळी तो कागद उपयोगी पडेल. पावतीवर "मूळ स्थिती" ऐवजी "उजव्या लॉकप्लेटवरील कोरीवकाम नंतरचे, उजवी नळी आतून घोटलेली, धूररहित काडतुसासाठी अयोग्य" असे स्पष्ट लिहून घ्यावे. विक्रेत्याने हे शब्द लिहून देण्याचे मान्य केले आहे. किमतीवर बोलणे अजून चालू आहे.